अर्पणाची वांगी

निमोण्यात येऊन हौसराव साळव्यांचं घर विचारलंत, तर लोक थोडा वेळ डोकं खाजवतील. 'व्हय-न्हाई आप्पांचं घर' म्हणालात, की शाळेमागची वाट दाखवून मोकळे होतील. हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चुकीचं दिलं असं म्हणायची कुणाची छाती नाही. हौसरावांना काहीही विचारा, आधी 'व्हय' येतं. मग टोपी काढून टकलावरून हात फिरवला जातो, आणि पाठोपाठ येतं, "पर न्हाई बी म्हणता येईल."

लग्नाच्या वेळीही हेच झालं. गिताबाईंना पाहायला गेले, सासऱ्यांनी विचारलं, पोरगी पसंत आहे का. हे म्हणाले, व्हय. एस.टी.च्या थांब्यावर आल्यावर यांना वाटू लागलं, की जरा विचार करायला पाहिजे होता. पण तोवर तिकडे साखर वाटून झाली होती. "साखर वाटायला उशीर झाला असता, तर मी अजून म्हायेरातच असते," असं गिताबाई चारचौघांत सांगतात, आणि हौसराव हसत हसत मान हलवतात. ती मान व्हयची असते की न्हाईची, हे कळत नाही.

रांजणगावला कंपन्या आल्या तेव्हा गावातल्या बऱ्याच तरण्यांबरोबर हेही कामाला लागले होते. पट्ट्यावरून आलेला नग बघायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' शिक्का मारायचा, एवढंच काम. दुसऱ्या कुणी डोळे मिटून केलं असतं. हौसराव प्रत्येक नग हातात घेऊन विचारात पडायचे. ह्याला रिजेक्ट म्हणावं तर बिचाऱ्याचं एवढंसंच वाकडं आहे, आणि ओके म्हणावं तर वाकडं आहेच की. पुढे पट्टा थांबायचा. सुपरवायझरनं दोन महिने सोसलं आणि मग हात जोडले. हौसराव घरी आले ते वांग्यात रमले.

वांग्यात मात्र त्यांचा हात धरणारा शिवारात कुणी नव्हता. काटेरी देठाची, जांभळी-पांढरी, हातात घेतली तर तोंड दिसेल अशी चकचकीत. त्यांच्या आजोबांनी मिशनच्या काळात प्रभूचं नाव घेतलं, आणि तेव्हापासून घरात दोन गोष्टी चालत आल्या, ही अडीच एकर जमीन आणि चर्चमधला डावीकडचा दुसरा बाक. दोन्हीची हौसरावांना सारखीच माया. वर्षातून एकदा ती एकत्र यायची, हंगामाच्या सणाला.

हा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मंडळीतले सगळे आपापल्या रानातलं पहिलं, चांगलं पीक घेऊन चर्चला येतात. वेदीसमोर बाजरीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, मेथीच्या जुड्या, एखादी कोंबडी असा बाजार मांडला जातो. उपासना झाली, की अंगणात त्याचा लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला. शिरूरचे नोकरदार येतात, दौंडची रेल्वेतली दोन-तीन घरं येतात, आणि हसत-खिदळत एका भोपळ्याला गाईच्या किमतीची बोली लागते. लिलावाची सुरुवात हौसरावांच्या वांग्यांनीच व्हायची. पाटी वर उचलली, की लोक 'आहा' म्हणायचे, आणि हौसराव बुटाकडे बघत उभे राहायचे. माणसाला एक तरी गर्व असावा. यांना एवढा एकच होता.

ती पाटी बहुधा शिरूरचा एखादा ठेकेदार घेऊन जायचा. पुढे ती वांगी कुणाच्या पोटात जायची, हे हौसरावांनी कधी पाहिलं नव्हतं.

आता दुसऱ्या वांग्यांची गोष्ट. घरामागं, मोरीचं पाणी जातं तिथं, गिताबाईंचा एक वाफा होता. दोन ओळी वांगी, थोडी मिरची, कोथिंबीर. या वाफ्याला औषधाचा थेंब लागत नसे. वांगी लहान, वाकडी, निम्मी किडकी. किडकं काढून टाकायचं, उरलेलं रांधायचं. दौंडला दिलेल्या लेकीकडे पिशवी जायची ती याच वाफ्यातली. चर्चच्या पाळकांच्या घरी चार वांगी पोचवायची झाली, तर तीही यातलीच. रानातली वांगी घरात कुणी खात नसे. त्यावर दर आठवड्याला फवारा असायचा, आणि आज फवारलेलं परवा तोडून पुण्याला जायचं. औषधाच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इतके दिवस तोडू नये. पण वांगं थांबत नाही, ते जून होतं. हे काही साळव्यांचंच पाप नव्हतं. सगळ्या शिवारात घरोघरी असा एकेक वाफा होता, त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, आणि लपवतही नव्हतं. घरात तुळई असते, तसा तो होता.

तर यंदा मंडळीला नवे पाळक आले. विश्वजीत त्यांचं नाव. तिशीतले, पुण्याला शिकलेले, बायको सुवार्ता हडपसरची. दोघं मोटारसायकलवरून घरोघरी जायचे, आणि कुणाच्याही चुलीपाशी बसून चहा प्यायचे, त्यामुळे लोकांना आवडले. सणाच्या आधी तीन आठवडे पाळकांनी पहिल्या बागेवर प्रवचन केलं. म्हणाले, देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते दोन कामांसाठी. एक मशागत, दुसरी राखण. "मशागत आपण दणक्यात करतो. राखण कोण करतं? जमीन आपली नाही, धन्याची आहे, आपण वाटेकरी. माती, पाणी, पाखरं, मधमाश्या, सगळ्याचा तो एक दिवस हिशेब विचारील."

लोकांनी माना डोलावल्या आणि बाहेर पडून चपला शोधू लागले. हौसराव तेवढे बाकावर बसून राहिले. पाळक दार लावायला आले तेव्हा यांनी विचारलं, "पाळकसाहेब, अळी बी देवानंच केली न्हवं?"

"हो. तसंच म्हणावं लागेल."

"मग राखण कुणाची करायची? वांग्याची का अळीची?"

पाळक हसले. हसता हसता थांबले. "आप्पा, मी विचार करून सांगतो."

"सांगा. पर लौकर सांगा. आभाळ आलंय, अळी पडंल."

झालं. एका माणसाच्या डोक्यात एवढा किडा पुरेसा असतो, इथं तर हौसरावांचं डोकं. त्यांनी फवारणी थांबवली. पुढच्या आठवड्याचा पंप कोपऱ्यात तसाच राहिला. आभाळ मात्र थांबलं नाही. चार दिवसांत झाडांचे शेंडे माना टाकू लागले, आणि वांग्यांना बारीक भोकं दिसू लागली. हौसराव रोज सकाळी ओळीतून फिरायचे, एकेक किडका शेंडा खुडायचे, त्यातली गुलबट अळी तळहातावर घेऊन बघत बसायचे. चिरडावी की नाही? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शेवटी ते बांधापलीकडे भैरूकडे गेले. भैरूच्या घरी पूर्वी मेंढरं होती. उन्हाळ्यात साळव्यांच्या मोकळ्या रानात रात्रीची मेंढरं बसवायचे, लेंड्या-मूत पडायचं, आणि त्या बदल्यात भैरूच्या बापाला बाजरी मिळायची. आता मेंढरं गेली, भैरूकडे ऊस आणि वांगी आहेत. ऊस पाटसच्या कारखान्याला जातो, वांगी पुण्याला.

"भैरू, आपल्या मातीचं काय झालं रं?"

"काय व्हायचंय? आमची मेंढरं बसायची तवा तुझ्या रानात पाय रुतायचा. हातभर खणलं की गांडुळाचा गोळा निघायचा. आता कुदळ मारली तर ठण् वाजती."

"म्हंजी फवारू नगं म्हनतोस?"

"मी कवा म्हनलं?" भैरू दचकलाच. "तू न्हाई फवारलंस, तर तुझी अळी माझ्या रानात येईल. फवार बाबा. लवकर फवार."

मग सणाच्या आदल्या शुक्रवारी सकाळी हौसराव इम्तियाजच्या दुकानात गेले. औषधं, बियाणं, खतं, सगळं त्याच्याकडे. वडिलांपासून ओळख. हौसरावांनी प्रवचन सांगितलं, अळी सांगितली, भैरू सांगितला. इम्तियाजनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आप्पा, आता बगा. मी इकतो, तुमी मारता, आन् शहरातला मानूस भोक पडलेलं वांगं हातात धरत न्हाई. तिघांनी मिळून केलेल्या कामाचा जाब येकट्यानं कसा द्यायचा?"

"मग तिघांनी द्यायचा?"

"तिघं येका जागी कवा भेटनार?" इम्तियाजनं दोन बाटल्या काउंटरवर ठेवल्या. "येवढी अळी पडलीय तर आता येकानं भागायचं न्हाई. दोन्ही येकत्र करा." हौसराव पायरी उतरले, तसा त्यानं मागून आवाज दिला, "आन् आप्पा, घरच्या वाफ्यातली चार वांगी असली तर द्या की पाठवून. अम्मीला दुसरी चालत न्हाईत."

हौसराव 'व्हय' म्हणाले. टोपीला हात न लावताच ते चालू लागले.

घरी येऊन ते बराच वेळ बाटल्यांकडे बघत बसले. रविवारी सण. पाटीत काय न्यायचं? भोकं पडलेली वांगी? लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथ शाळेत ऐकलेलं पक्कं आठवत होतं, देवाला आंधळं, लंगडं, रोगट जनावर चालत नाही. कळपातलं उत्तम ते त्याचं. किडकं वांगं वेदीसमोर ठेवायचं म्हणजे लंगडं कोकरू नेण्यासारखंच की. संध्याकाळी त्यांनी तोंडाला टॉवेल बांधला, पंप पाठीला लावला, आणि दोन्ही औषधं एकत्र करून सगळं रान धुऊन काढलं. आजवर कधी एवढं जालीम मारलं नव्हतं. अंघोळ करून प्रार्थनेला बसले तेव्हा अगदी मनापासून म्हणाले, "देवा, तुझ्यासाठीच फवारलंय." आणि त्यांना शांत झोप लागली. असा माणूस.

शनिवारी वांग्यांचा तोडा झाला. शनिवारी पुण्याचं मार्केट बंद, म्हणून माल संध्याकाळी टेम्पोत भरायचा, म्हणजे रविवारी पहाटे विकला जातो. भोकं पडलेली बांधावर फेकून, क्रेट भरता भरता हौसराव पाटीसाठी एकेक देखणं वांगं बाजूला काढत होते. तेवढ्यात गिताबाई घरामागून आल्या. ओच्यात सात-आठ वाकडी-तिकडी वांगी होती.

"ही न्या की देवाला. निदान साफ तरी हायेत."

"अगं, भोकं हायेत त्याला. लोक काय म्हनतील?"

"लोकाला न्हेताय का देवाला?"

"देवालाच. पर देवाला चांगलं द्यावं."

"देव काय वांगी खातुय व्हय!"

"मग त्याला साफ काय आन् फवारलेली काय?" हौसराव म्हणाले, आणि आपणच जिंकलो की हरलो हे न कळून टकलावरून हात फिरवू लागले. गिताबाईंनी ओच्यातली वांगी उचलून रात्रीच्या भाजीला लावली. टेम्पो गेला. पाटीवर ओलं फडकं टाकून हौसरावांनी ती ओसरीत ठेवली.

रविवारी चर्च गच्च भरलं. वेदीसमोरच्या ढिगात हौसरावांची पाटी मधोमध होती, आणि खिडकीतून आलेलं ऊन नेमकं वांग्यांवर पडलं होतं. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग पाळक पुढे आले. आनंदात होते.

"यंदा आपण लिलाव करायचा नाही," ते म्हणाले. "लिलावात ज्याच्याकडे पैसा त्याला चांगलं मिळतं, आणि ज्यानं पिकवलं तो बघत राहतो. यंदा हे सगळं आपण इथंच शिजवू, आणि सगळे एका पंगतीला बसू. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. धन्यानं दिलेलं धन्याच्या घरी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दौंडच्या रेल्वेवाल्यांनी तर जोरात 'हालेलुया' म्हटलं. हौसरावही टाळ्या वाजवत होते. मग त्यांचे हात वाजता वाजता हवेत थांबले.

अंगणात तीन मोठ्या चुली पेटल्या. बायका विळ्या घेऊन बसल्या. सुवार्ता कंबरेला पदर खोचून सगळ्यांत पुढे. हौसरावांची पाटी रिकामी होत चालली, फोडी मिठाच्या पाण्यात पडू लागल्या. "एकसुदीक किडकं निघंना गं," कुणीतरी म्हणालं. "आप्पांचा हातच तसा हाय."

हौसराव चुलीभोवती घिरट्या घालू लागले.

"वांगी धुतली न्हवं?"

"धुतली आप्पा."

"परत धुवा."

धुतली. ते अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. "बाई, वांग्यापरीस बटाटा केला तर? बटाट्यानं पोट भरतं."

बायका हसल्या. "आप्पा, दरवर्साला लोक तुमची वांगी बघत्यात. यंदा खाऊ द्या की!"

तेही हसले, आणि बाजूला जाऊन उभे राहिले. समोर पोरं पकडापकडी खेळत होती. एका बाईच्या कडेवरचं लेकरू विळीपाशी वाकून फोड उचलायला बघत होतं. ही पोरं कुणाची, हे हौसरावांना नावानिशी माहीत होतं. बोललो तर सणाच्या दिवशी, सगळ्या मंडळीपुढं, आयुष्यभराचं जे काही थोडं नाव आहे ते जाणार. आणि एकट्याचं कुठं? माझ्या पाटीबद्दल बोललो, तर बाकीच्यांच्या पाट्यांचं काय? ते टोमॅटो, ती भेंडी, ते फ्लॉवर? गप्प बसलो तर... एका जेवणानं कुणी मरत नाही. पुण्याचे लोक रोज खातातच की. इथपर्यंत विचार आला, आणि हौसरावांना स्वतःचाच विचार ओळखीचा वाटेना.

चुलीवर तेल तापलं. मोहरी तडतडली. सुवार्तानं फोडींचं घमेलं दोन्ही हातांनी उचललं.

"थांबा बाई! टाकू नका!"

हौसराव एवढ्या मोठ्यानं ओरडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. सुवार्ता घमेलं तसंच धरून राहिली.

"काय झालं आप्पा?"

"फवारलीत."

"अहो, सगळेच फवारतात. धुतलीत दोनदा."

"परवा फवारलीत. दोन औषधं येकत्र करून. शुक्रवारी सांजच्याला फवारली, काल तोडली." आणि मग, का कोण जाणे, त्यांनी तेही सांगितलं जे कुणी विचारलंच नव्हतं. "ही आमी घरी खात न्हाई. आमचा येगळा वाफा हाय."

विळ्या थांबल्या. कुणाच्याही तोंडावर राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. टोमॅटोच्या पाटीपाशी बसलेल्या बाईनं, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, पाटी पायानं मागं सरकवली. भेंडीवालीनं पदर तोंडाला लावला. मग एकजण हळूच म्हणाली, "आमची बी तसलीच हायेत," आणि तिच्या शेजारची म्हणाली, "कुनाची न्हाईत?"

गिताबाई गर्दीतून पुढं आल्या. संतापानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. "झाकली मूठ सव्वा लाखाची, ती समद्या गावात उघडलीत! सांगायचंच व्हतं तर काल सांगायचं. मी वांगी घिऊन आले तवा कुठं गेली व्हती तुमची अक्कल?"

"तवा वाटलं देवच खानार हाय," हौसराव म्हणाले. हे ऐकून दोघं-तिघं हसले, पण ते हसणं लगेच विझलं.

तेवढ्यात पाळक आले. त्यांनी चुलीवरचं पातेलं पाहिलं, बायकांचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते समजून घेतलं. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "सगळे एकत्र जेवले की झालं." मग एका दगडावर जाऊन बसले. त्यांच्या स्वयंपाकघरातही गिताबाईंनी दिलेली चार वांगी होती, आणि ती कुठल्या वाफ्यातली हे त्यांना आता कळलं होतं.

सुवार्तानं घमेलं खाली ठेवलं. तेल जळत होतं, तिनं लाकडं ओढून घेतली. "आप्पा, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण एका पाटीपुरतीच काही फवारली नसतील. बाकीची वांगी कुठं आहेत?"

"मार्केटला गेली."

"कुठल्या?"

"पुन्याच्या. कालच्याला टेम्पोनं."

"माझी आई हडपसरला राहते," सुवार्ता म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती नुसतं सांगत होती. "रविवारी ती आठवड्याची भाजी आणते. वांगी तिला फार आवडतात."

हौसरावांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. शेवटी मार्केटातल्या आडत्यानं फोन उचलला. "मालक, माझा माल हाय का तिथं? वांगी. ती थांबवा. इकू नका."

सगळे ऐकत होते. पलीकडचा आवाज मोठा होता, शेजारच्यांनाही ऐकू आला. "आप्पा, इथं माल टिकतोय व्हय! पहाटंच गेला. समद्यात आधी तुमचाच उचलला. काय चकाकी होती हो! अशीच पाठवत जावा."

हौसरावांनी फोन खिशात ठेवला. तो बंद करायचा राहिला, खिशातून आडत्याचा 'हॅलो, हॅलो' ऐकू येत राहिला.

तरी पंगत बसली. पाळकांच्या घरातल्या डाळ-तांदळाचं वरण-भात. भाज्यांच्या पाट्या भिंतीकडेला ओळीनं पडल्या होत्या. त्या घरी न्याव्यात तर लाज, टाकून द्याव्यात तर पाप, आणि गाईला घालाव्यात तर गाईनं काय केलंय? पानं वाढून झाली. पाळक उठले, त्यांनी डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले.

"आप्पा, तुम्हीच प्रार्थना करा," ते म्हणाले. "मला आज जमत नाही."

हौसरावांनी टोपी काढली. "बापा," ते म्हणाले, "वरण-भात दिलास, उपकार." मग टकलावरून एकदा हात फिरवून त्यांनी पुढे सुरू केलं. "आज पुन्यात कुनाकुनाच्या चुलीवर माझी वांगी हायेत. त्यांची नावं मला ठावं न्हाईत. तुला ठावं असतील. त्यांच्यात लहान लेकरं असतील, या बाईंची आई असंल. त्यांना सांभाळ म्हनावं, तर माझं काम तुझ्या गळ्यात घातल्यासारकं हुतंय. न्हाई म्हनावं, तर त्यांनी काय केलंय? मला काय कळंना बापा. तू काय ते सांग. मी थांबलोय."

आणि ते खरंच थांबले. डोळे मिटलेले, टोपी छातीशी. लोक मान खाली घालून बसले होते. प्रार्थना संपली की नाही हेच कळत नव्हतं, त्यामुळे कुणी आमेन म्हणेना. एक लेकरू भातात बोट घालू लागलं, आईनं त्याचा हात धरला.

शेवटी गिताबाई उठल्या. मघाचा राग कुठं गेला होता कोण जाणे. त्या नवऱ्याजवळ गेल्या, त्यांच्या कोपराला हात लावून हळूच म्हणाल्या, "अवं, बसा आता. भात निवला. देव सांगंल सावकाश."

हौसरावांनी डोळे उघडले. ते ओले होते.

"सावकाश कसं गं?" ते म्हणाले. "मंगळवारी परत तोडा हाय."